लांब घंटी

वडप्याच्या गोडाऊनमध्ये मी पहिल्यांदा मोडेम चालू केला तेव्हा आई डोक्यावर पदर घेऊन दाराबाहेर जाऊन उभी राहिली. डबी विटेएवढी, पुढे चार लाल दिवे, आणि आवाज असा की आत कुणीतरी चिरकतंय. बाबा हसले, मीही हसलो. पण खरं सांगायचं तर त्या खोलीत सगळ्यात जास्त घाबरलेला मीच होतो. ज्या फोनला मी ती डबी जोडली होती, त्या फोनवर माझ्या बाबांचा जीव टांगलेला होता.

हे नीट सांगायला हवं. बाबांनी भिवंडीत वीसेक वर्षं लूमवर काढली. कापसाची धूळ छातीत जाऊन बसली आणि पन्नाशीच्या आत दमा जडला. डॉक्टरांनी लूमवर जाणं बंद करायला सांगितलं. तेव्हा त्यांच्याच शेठनी त्यांना हायवेलगतच्या सुताच्या गोडाऊनवर राखणीला आणि मालाच्या नोंदी ठेवायला बसवलं. गोडाऊनला लागून एक खोली होती, तिथे आई आणि बाबा राहणार होते. आईने आधी साफ नकार दिला. आजूबाजूला नुसती गोडाऊनं, सुट्टीच्या वेळी चिटपाखरू नाही, आणि कंपाउंडपासून हायवे चांगला सात-आठ मिनिटांच्या चालीवर. डॉक्टरांनी तिला बजावलं होतं की धाप लागली तर पंप द्यायचा, पंधरा मिनिटांत उतार पडला नाही तर सरळ ऑक्सिजनला आणायचं, तिथे उशीर चालणार नाही. शेवटी शेठनी गोडाऊनवर फोन घेतला आणि त्या फोनच्या भरवशावर आई राहायला गेली. मोबाइल तेव्हा आमच्यासारख्यांकडे कुठले असणार.

मी स्वभावाने भित्रा. आम्ही खाडीकाठचे आगरी, आणि मी पाण्यात गुडघ्याच्या वर कधी उतरलो नाही. यावरून गावात माझी यथेच्छ टिंगल झाली आहे. कदाचित म्हणूनच मी कॉम्प्युटरकडे वळलो असेन. कॉम्प्युटरमध्ये काही चुकलं तर बंद करून पुन्हा चालू करता येतं. त्या काळात मी भिवंडीत एका लहानशा दुकानात कॉम्प्युटर जोडायचो आणि दुरुस्त करायचो, राहायचो तिथेच एका भाड्याच्या खोलीत. अठ्ठावीस वर्षांचा होतो, आणि कोणतंही काम अंगावर घेण्याआधी त्यात काय काय बिघडू शकतं याची यादी माझ्या डोक्यात तयार असायची.

हे काम मात्र मी घेतलं नाही, ते बाबांनी घेतलं. शेठचं ऑफिस भिवंडीत आणि माल वडप्याला. चिठ्ठी घेऊन माणूस यायचा-जायचा, आणि एकच सूत दोघांना विकलं जाण्याचे प्रकार दोनदा घडले. शेठ कोकणी मुसलमान, तीन पिढ्या भिवंडीत, आमच्याशी आमच्यासारखंच मराठी बोलायचे. ते बाबांना म्हणाले, "तुझा पोरगा कॉम्प्युटरचा करतो ना? मग दोन्हीकडचा हिशेब एकमेकांना कळेल असं काहीतरी करायला सांग त्याला." बाबांनी मला न विचारताच सांगून टाकलं, "व्हय, करंल की." संध्याकाळी मला ही बातमी मिळाली तेव्हा जेवण गेलं नाही.

कायमची जोडलेली लाईन मिळण्यासारखी नव्हती. मी सायबर कॅफेत बसून एका पद्धतीची माहिती छापून आणली. तीसएक पानं होती, सगळी इंग्रजीत, त्यातली निम्मी मला कळली. पद्धत अशी, की दोन्हीकडे एकेक जुना कॉम्प्युटर आणि एकेक मोडेम ठेवायचा. एरवी फोन मोकळा. बाबांनी ट्रकची नोंद केली की गोडाऊनच्या कॉम्प्युटरला कळतं की हे ऑफिसला पोचवायचंय, मग तो आपण होऊन ऑफिसचा नंबर फिरवतो, नोंद देतो, आणि दोन मिनिटं काही काम नसेल तर फोन ठेवतो. तसंच उलट बाजूनेही. ऑफिसात माल विकला गेला की ऑफिसचा कॉम्प्युटर गोडाऊनला फोन लावतो. दोघांपैकी कुणीही कुणालाही हाक मारू शकतं, आणि ज्याला हाक येते त्याचा मोडेम फोन उचलतो.

'एरवी फोन मोकळा' या तीन शब्दांवर मी हे काम करायला धजावलो.

पहिल्याच आठवड्यात ते तीन शब्द खोटे ठरले. दुकानातून सहज गोडाऊनचा नंबर फिरवला तर एंगेज. पाच मिनिटांनी परत एंगेज. दहा मिनिटांनी परत. हातातलं काम टाकून रिक्षा केली आणि वडप्याला पोचलो, तर बाबा खाटेवर बसून निवांत चहा पीत होते आणि मोडेमचे दिवे लुकलुकत होते. त्या दिवशी ट्रक आला नव्हता, नोंद नव्हती, तरी फोन चालू होता. शोधताना कळलं की कॉम्प्युटरला स्वतःच्याच बारीकसारीक चौकश्या असतात. उगाच कुणाचं नाव विचार, उगाच किती वाजले विचार. अशा प्रत्येक चौकशीसाठी तो बिचारा फोन लावत होता. त्या चौकश्यांसाठी फोन लावायचा नाही असा नियम घालायला मला चार दिवस लागले, आणि ते चारही दिवस मी दर तासाला गोडाऊनला फोन लावून बघत होतो. लागला की जीव भांड्यात पडायचा. बाबा उचलायचे आणि म्हणायचे, "जिता हाय रं, ठेव."

बाबांना मात्र त्या कॉम्प्युटरचा लळा लागला. सातवीपर्यंत शिकलेला माणूस, पण एका बोटाने ट्रकचा नंबर, पेट्यांची संख्या आणि सुताचा काउंट, म्हणजे जाडीचा नंबर, टाइप करायला शिकला. नोंद पाठवली की चष्मा कपाळावर चढवून मोडेमकडे बघत बसायचे. डायल झाल्याचा आवाज, मग घंटी, मग तिकडच्या मोडेमचं चिरकणं, मग इकडच्याचं, आणि मग एकदम शांत. शांत झालं की म्हणायचे, "जोडला."

आईचं तसं नव्हतं. ती त्या डबीजवळ झाडूसुद्धा नेत नसे. फोन वाजला की आधी डबी ओरडते की काय म्हणून लांब उभी राहायची. मला तिची भीती चांगली कळत होती, कारण मला ती सगळ्यात आधी वाटली होती. पण भित्र्या माणसाला आपल्यापेक्षा भित्रं कुणी भेटलं की तो लगेच शहाणपण शिकवायला लागतो. मी तिला जवळ बसवलं आणि म्हणालो, "अगं, घाबरतेस काय? ती डबी म्हणजे मीच. ती ओरडली की समज मीच बोलतोय. तू इथून काय सांगशील ते तारेतून तिकडे मला कळतं." बाबा खाटेवरून हसले. आई हसली नाही. तिने डबीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं, "खरंच?" मी म्हणालो, "खरंच." त्या दिवसापासून ती डबीवर रोज फडकं मारायला लागली, आणि मला वाटलं, चला, एक काम झालं.

ऑफिसकडची बाजू वेगळी होती. तिथे एक वयस्कर मुन्शी होते, उत्तर प्रदेशातून तरुणपणी आलेले, शेठच्या वडिलांच्या काळापासूनचे. मोडेमच्या चिरकण्याने त्यांचं डोकं दुखायचं. दुसऱ्याच दिवशी मला म्हणाले, "बेटा, इसका मुँह बंद करो, नहीं तो मैं घर जाता हूँ." मोडेमचा स्पीकर बंद करायला एक छोटीशी आज्ञा असते. ती दिली. तेव्हापासून ऑफिसचा मोडेम मुका काम करायला लागला. काय चाललंय ते फक्त पडद्यावर ओळीने उमटायचं.

मुन्शीजींचीच दुसरी तक्रार जास्त महत्त्वाची निघाली. मी आधी मोडेमला पहिल्याच घंटीला फोन उचलायला सांगितलं होतं. चार दिवसांनी मुन्शीजी म्हणाले, "गोदाम की घंटी नहीं आती आजकल. कल ट्रक दो घंटे खड़ा रहा." मला काहीच कळेना. मग त्यांनी समजावलं. गोडाऊनवरून बाबा बोलायला फोन करतच नसत. ट्रक आला की एक घंटी देऊन ठेवायचे. इकडे मुन्शीजी ती एक घंटी ऐकायचे आणि हमालांना पाठवायचे. उचलला नाही म्हणजे बिल नाही. आणि लांब घंटी, कुणी उचलेपर्यंत वाजत राहणारी, म्हणजे माणूस पाहिजे. "लंबी घंटी मतलब तेरे बाबा की तबियत," मुन्शीजी शांतपणे म्हणाले. "वो कभी आई नहीं, अल्ला का शुक्र है. मगर मैं कान उधर ही रखता हूँ."

मी शेठचं फोनचं बिल पाहून ठरवलं होतं की गोडाऊनवरून फोन होत नाहीत, लाईन रिकामीच असते. बिलात घंट्या कुठे दिसणार? माझ्या बाबांच्या जीवाची सगळी सोय त्या न उचललेल्या घंट्यांमध्ये होती आणि मी मुलगा असून मला ती मुन्शीजींकडून कळली. त्या दिवशी मी दोन्ही मोडेमना पाच घंट्या थांबायला लावलं. पाच घंट्यांच्या आत माणूस उचलू शकतो, एक घंटी दिली तर ऐकू येते, आणि कुणीच नसेल तर मशीन उचलतं. मला स्वतःचंच कौतुक वाटलं होतं, हेही सांगून टाकतो.

एक भानगड उरली होती. कधीकधी दोन्ही कॉम्प्युटर एकाच वेळी एकमेकांना फोन लावायचे. दोघांनाही एंगेज लागायचं. दोघेही तेवढाच वेळ थांबायचे आणि पुन्हा एकाच वेळी फोन लावायचे. अरुंद बोळात दोन माणसं समोरासमोर आली की दोघंही एकाच बाजूला सरकतात, तसं. असं चाललं की दहा-दहा मिनिटं लाईन अडकून राहायची, आणि दहा मिनिटं म्हटलं की मला डॉक्टरांची पंधरा मिनिटं आठवायची. उपाय सोपा होता. गोडाऊनने थोडा वेळ थांबायचं आणि ऑफिसने जास्त. पण तो करून बघायला दोन्हीकडची लाईन तासभर निर्धास्त मिळायला हवी होती. मी शुक्रवारची दुपार निवडली. जुम्म्याच्या नमाजाला ऑफिस रिकामं होतं, हमाल जातात, ट्रकही थांबून राहतात. सकाळी बाबांना फोनवर सांगितलं, "दीडच्या सुमाराला तुमचा कॉम्प्युटर आपण होऊन मला फोन लावेल. तेव्हा फोनला हात लावू नका." बाबा म्हणाले, "न्हाय लावत."

मुन्शीजी निघताना मी आणखी एक गोष्ट केली. मागे एकदा जोडणी चालू असताना त्यांनी सवयीने मध्येच रिसीव्हर उचलला होता आणि जोडणी तुटली होती. कुणी लवकर परत आलं तर पुन्हा तसंच व्हायला नको म्हणून मी टेबलावरच्या फोनची वायर भिंतीतून काढून ठेवली. आता त्या लाईनवर फक्त मोडेम होता. मुका मोडेम. खाली कुलूप लावून सगळे गेले आणि मी पंखा मोठा करून पडद्यासमोर बसलो.

दीड वाजून दहा मिनिटांनी पडद्यावर पहिली ओळ उमटली. घंटी. मग दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी. मोडेमने फोन उचलला. मी सरसावून बसलो. आता तिकडच्या मोडेमने सूर द्यायचा आणि दोघांनी जुळवून घ्यायचं. पाऊण मिनिट दिवा तसाच जळत राहिला. मग ओळ आली की समोरून सूर नाही, आणि मोडेमने फोन ठेवून दिला.

वैतागलो. दोन मिनिटांनी परत पाच घंट्या, परत उचलला, परत पाऊण मिनिट, परत सूर नाही. मी छापील पानं चाळायला लागलो. तिसऱ्यांदाही तेच झालं. तेव्हा मी चक्क मोडेमच्या टाळक्यावर एक चापट मारली आणि शिवी दिली. एवढं मला स्पष्ट आठवतं. इतर गोष्टी विसरायच्या झाल्या तरी ती चापट विसरता येत नाही.

त्यानंतर फोन आला नाही. मी अर्धा तास ऑफिसकडच्या मोडेमच्या सेटिंग्ज उलटसुलट करत बसलो. मग म्हटलं, इकडून लावून बघू. ऑफिसच्या कॉम्प्युटरकडून गोडाऊनचा नंबर फिरवला. पाच घंट्यांनंतर तिकडच्या मोडेमने उचलला आणि पहिल्या झटक्यात जोडणी झाली. म्हणजे तिकडे सगळं ठीक होतं. लाईन साफ, मोडेम साफ. मग मघाशी तीन वेळा काय झालं होतं? बाबांच्या कॉम्प्युटरमध्ये त्याने केलेल्या प्रत्येक फोनची नोंद राहायची, आणि आता जोडणी झाल्यामुळे ती मला ऑफिसात बसून वाचता येत होती. मी ती उघडली.

त्याने सकाळी साडेअकरानंतर एकही फोन केला नव्हता.

मी घड्याळ तपासलं. दोन्ही कॉम्प्युटरांची वेळ जुळत होती. माझ्याकडे तीन फोन आलेले. तिकडून एकही केलेला नाही. मी परत वाचलं, बोट लावून, ओळ न ओळ. दीडच्या परीक्षेसाठी मी त्याला जी वेळ लावून दिली होती, तीच मी चुकीची टाकली होती, दुपारच्या ऐवजी पहाटेची. तो बिचारा गप्प बसून होता. मग फोन कुणी केला? मशीनने केला नसेल तर माणसाने केला. पाच-पाच घंट्या. लांब घंटी.

जिन्यात मुन्शीजींच्या चपला वाजल्या. ते आत आले, आधी सवयीने टेबलाकडे गेले आणि फोनची निघालेली वायर हातात घेऊन उभे राहिले. मी म्हणालो, "तीन फोन आले होते." ते म्हणाले, "लंबी?" मी मान हलवली. त्यांनी टोपी खिशात घातली आणि म्हणाले, "स्कूटर नीचे है. चल."

साठीच्या माणसाच्या मागे बसून मी वडप्याला निघालो. शुक्रवारी नमाज सुटल्यानंतर भिवंडीच्या रस्त्यांवर काय गर्दी असते ते तिथे राहणाऱ्यालाच ठाऊक. मुन्शीजी गल्लीबोळांतून काढत होते आणि मी वेळेचा हिशेब करत होतो. पहिला फोन दीड वाजून दहा मिनिटांनी. आता दोन पंचवीस. पंधरा मिनिटं केव्हाच संपली होती, त्यावर आणखी अर्धा तास गेला होता. हायवेला कंटेनरची रांग होती. मी देवाचं नाव घेत नव्हतो. मी सारखा एवढंच म्हणत होतो की सूत आलं असेल, दुसरं काहीतरी असेल, आईचा हात चुकून लागला असेल. आयुष्यात मी पुष्कळ घाबरलो आहे, पण ती सगळी भीती पुढे काय होईल याची होती. ही जे होऊन गेलंय त्याची होती, आणि तिला पळायला जागाच नसते.

गोडाऊनच्या फाटकात आई उभी होती. रडत नव्हती. मला बघून तिचा चेहरा सैल झाला आणि ती म्हणाली, "आलास. गारी कुटं हाय?"

बाबा आत सुताच्या पेट्यांना टेकून बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वर ओढलेले, ओठ निळे. श्वासाची शीळ दारापर्यंत ऐकू येत होती. डोळे उघडे होते, पण ते मला ओळखून बघत होते की नुसते उघडे होते, ते कळेना. मुन्शीजी आल्या पावली मागे फिरले आणि पलीकडच्या कंपाउंडमध्ये झाडाखाली झोपलेल्या एका टेम्पोवाल्याला उठवून घेऊन आले. आम्ही तिघांनी बाबांना उचलून पुढच्या सीटवर बसवलं. ते एवढे हलके झाले होते हे मला माहीत नव्हतं. मुन्शीजी स्कूटरवर पुढे निघाले. आई आणि मी बाबांना दोन्हीकडून धरून बसलो आणि टेम्पोवाल्याने भिवंडीपर्यंत हॉर्नवरचा हात काढला नाही.

त्या वाटेत आई बोलत होती. हळू आवाजात, मला धीर द्यावा तसं.

"पयलं हे मना बोललं, पोराचा काम चाललाय, लाईन अरवू नको. दहा मिन्टा तसंच बसलं. मंग मीच उठले. तू लगेच उचललास, मना बरा वाटला. तुझा मशीन ओरडला, मी घाबरले न्हाय. मी बोलले, बाला, बाबांना लय दम लागलाय, पंप देऊन जाला, गारी घेऊन ये. तू काय बोलत नव्हतास, पन मना ठावं हाय ना तू ऐकतंस. तरी मी तीनदा सांगतला."

ती पुढे म्हणाली, "मंग तू निघालास तवा परत घंटी दिलीस, मशीन ओरडला. मी यांना बोलले, निघाला तो, आता येलच. तू उचलला नसतास त मी धावत हायवेला जानार व्हते, कोनचा पन ट्रक थांबवला असता. पन तू उचललास. मंग यांना सोरून कशाला जायाचा?"

मला त्या क्षणी टेम्पोतून उडी मारावीशी वाटली, आणि हे लिहिताना ते अतिशयोक्तीचं वाटत असलं तरी तसंच वाटलं होतं. मोडेम पाऊण मिनिट फोन धरून ठेवतो. तीनदा पाऊण मिनिट. एवढा वेळ माझी आई माझ्याशी बोलत होती आणि मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसून छापील पानं चाळत होतो. मधे एक मुका स्पीकर होता. मुन्शीजींचं डोकं दुखतं म्हणून मी एका आज्ञेने तो बंद केला होता.

हॉस्पिटलात ऑक्सिजन लावला, इंजेक्शनं दिली. दोन तास कुणी काही सांगेना. मग डॉक्टर बाहेर आले. अजून काही तास धोका आहे, पण प्रतिसाद देतायत, असं म्हणाले. आणि मग चिडून माझ्याकडे वळले. "एवढा उशीर का केला? अर्धा तास आधी आणायला काय झालं होतं?"

माझ्या तोंडातून शब्द फुटायच्या आत आईच बोलली. डॉक्टरसमोर ती कधी तोंड उघडत नसे. ती म्हणाली, "उशीर न्हाय केला डाक्टर. मी फोन केला, यानं लगेच उचलला. रस्त्याला गर्दी व्हती." डॉक्टरांनी मान हलवली आणि ते निघून गेले.

बाबा वाचले. तिसऱ्या दिवशी तोंडावरचा मास्क काढला. आई चहा आणायला खाली गेली होती. त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं. आवाज अजून नीट फुटत नव्हता. त्यांनी विचारलं, "त्या दिशी जोडला काय?"

या माणसाला मी खोटं सांगू शकलो नसतो. रोज तो आवाज ऐकणारा तो माणूस होता. कुठला सूर कधी लागतो आणि शांत कधी होतं, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. आई फोनवर बोलत होती तेव्हा ते चार हातांवर बसून ऐकत होते. रिसीव्हरमधून बाहेर येणारं चिरकणं त्यांना ऐकू येत होतं, आणि बोलायला त्यांच्या छातीत वारा नव्हता. म्हणजे पहिल्या फोनपासून त्यांना कळलं होतं की ती मशीनशी बोलतेय आणि कुणी ऐकत नाहीये. तो सगळा सव्वा तास ते हे जाणून बसले होते. मी म्हणालो, "नाही जोडलं."

त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "तिला नको सांगू. तिला वाटंल, तिनंच उशीर केला."

मी कबूल केलं. दुसऱ्याच दिवशी गोडाऊनवर जाऊन मी मोडेम काढला. शेठनी मोडेमसाठी वेगळी लाईन घेतली, पण ती जोडायचं काम त्यांनी दुसऱ्याला दिलं, आणि ते बरंच केलं. बाबा त्यानंतर सहा वर्षं जगले. त्या सहा वर्षांत आम्ही दोघं या विषयावर पुन्हा बोललो नाही. आई मात्र शेजारणींना, नातेवाइकांना, गावी गेली की सगळ्यांना सांगायची, की मशीन माझ्या पोराचं होतं, त्यात सांगितलं की त्याला लगेच कळायचं, म्हणून यांचा जीव वाचला. लोक माझ्याकडे कौतुकाने बघायचे. मी खाली बघायचो. त्यांना वाटायचं पोरगा लाजाळू आहे.

आता आईकडे मोबाइल आहे. ती हॅलो म्हणत नाही. फोन लागला की सगळं एका दमात सांगून टाकते, गुडघा, पाणी, भाजीवाला, आणि ठेवून देते. समोरून उत्तर यायला हवं असं तिला अजून वाटत नाही. मी पहिल्या घंटीला उचलतो, जेवत असलो तरी, मीटिंगमध्ये असलो तरी. आणि ती बोलत असताना दर वाक्याला म्हणत राहतो, "हो आई, ऐकतोय, ऐकतोय."

परवा ती वैतागली. म्हणाली, "ऐकतंस ते ठावं हाय मना. आदी कसा गप ऐकायचास."